चितरीचं पिल्लू

रिठद, १२ नोव्हेंबर १९७८

चि. इंद्रभान यास आशीर्वाद व जयभीम.

आमी खुशाल, पण मन ठिकाणावर नाही. आपली चितरी बकरी व्याली. एक पिल्लू मेलेलंच, दुसऱ्याचं डोकं इवलंसं, पाय लटलट कापतात, थन तोंडात दिलं तरी वढत नाही. तू गुरांचा डाक्टर होऊन राह्यला ना, मंग सांग, काहून झालं? शेजारचा जानराव दारू गाळून मोहाचा सडवा, आंबलेला चोथा, उकिरड्यावर फेकते. गाभण असताना चितरी रोज तोच खाये अन् झुले. आमी हसो!

मले सातवा लागला. कंबर लय दुखते, म्हणून सासूबाई संध्याकाळी गुळासंगं थोडी मोहाची देतात. मी म्हटलं, दर पौर्णिमेले पंचशील घेतो, दारू शिवणार नाही म्हणतो, मंग हे कसं? तं म्हणे, दवा म्हणून घेतली तं शील मोडत नाही. मामा होणार तू, टोपडं आणजो.

तुझी बेबीताई

नागपूर, १८ नोव्हेंबर

ती. बेबीताईस सा. जयभीम. वि. वि.

टोपडं आणतो, पण आधी ती दारू बंद कर. आजच! कॉलेजात सरांनी उंदरांवरचे प्रयोग सांगितले. गाभण उंदरिणीले दारू पाजली तं पिल्लं बारीक निपजतात, शिकवलेलं त्यायच्या ध्यानात राहत नाही. चितरीचंही तेच झालं असं मी छातीठोक सांगत नाही, पण तुझं पत्र वाचून मले जेवण गेलं नाही. सासूबाईले सांग, कंबर तुझी दुखते, दवा लेकराले काहून?

रागावू नको, माया आहे तशीच असू दे.

तुझा इंद्रभान

रिठद, ४ फेब्रुवारी १९७९

चि. इंद्रभान यास आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र सासूबाईले वाचून दाखवलं. त्या बाटली घेऊन उकिरड्यावर गेल्या, बकऱ्या चाटतील म्हणून वापस आल्या अन् चुलीत वतली. असा भडका झाला की भिवाजी भाऊजी टाळ्या पिटून हसले. एवढा मोठा दीर माझा, पण सदऱ्याच्या गुंड्या अजून लावता येत नाहीत. सासूबाई त्याच्याकडं पाहतच राह्यल्या. म्हणे, याच्या वेळेसही मी घेत होती, बाई. अन् मठ्ठ म्हणून यालेच मारलं. आता रोज त्याच त्याच्या गुंड्या लावतात.

चितरीचं पिल्लू गेलं.

परवा मी बाळंत झाली. पोरगी आहे. सासूबाईनं तिले माझ्या छातीशी लावलं अन् श्वास धरून बसल्या. पोरीनं दूध वढलं, तशा त्या भोकाड पसरून रडल्या. मीही रडली. पुढं कसं होईल, कोणाले ठाऊक? मले लय भेव लागते रे.

सुट्टी मिळाली की ये, ताईवर जीव ठेवजो. टोपडं मात्र लहानातलं लहान आण. इथं शिवलेलं तिच्या डोक्याले मोठं होते.

तुझी बेबीताई