पावलांचा रोग

३ जून
मोडलं! एलिझिउचं लग्न मोडून आले. लुदोविनाच्या दारातच सांगितलं — तुझा नवरा पावलांच्या रोगाने झिजून मेला, पोरीच्या रक्तातही तेच असणार. माझ्या मुलाला ती नको.

ती रडकुंडीला आली. "झुल्मिराबाई, तपासणी तरी होऊ द्या. निम्म्या पोरांना होतो, निम्म्यांना नाही."

"मग काय, नाणं उडवून सून आणू?"

तिची पोर ज्युदिते मागेच उभी होती. म्हटलं, मोजे काढ, बघू पाय! काढले तिने. इथे पोव्हुआत, आम्हा कोळ्यांच्या गावात, सोयरीक करताना तोंड कोण बघतं? पावलंच बघतात. गल्लीतल्या बायका बघत होत्या. बघू देत.

४ जून
एलिझिउ ताटावरून उठला. त्याच्या ताटातले सार्डिन मासे मांजराला घातले.

२२ जुलै
ज्युदितेचा निकाल आला. रक्त स्वच्छ! लुदोविना गल्लीभर सांगत सुटली आहे.

"आता गं आई?" — एलिझिउ.

आता काय? आमच्यातली माणसं समुद्रात मरतात, अंथरुणात कुजत नाहीत. माझे वडील एकोणतिसाव्या वर्षी बुडाले, दोन्ही काका तिशीच्या आत. त्या घराशी आपली बरोबरी?

तरी गेलाच ज्युदितेकडे. ती म्हणाली म्हणे, "तुझ्या आईपुढे एकदा मोजे काढले. पुन्हा नाही." शिंगं फुटली आहेत पोरीला.

३० ऑगस्ट
एलिझिउ तळवे जळतात म्हणतो. निखाऱ्यावर उभं राहिल्यासारखं. चादर लागली तरी ओरडतो. प्रेमभंगाची नाटकं!

६ सप्टेंबर
बोटीवर गळ पायात घुसला, याला पत्ताच नाही. बूट काढला तर रक्ताने भरलेला. आता मात्र मला धडकी भरली.

९ ऑक्टोबर
तोच रोग. सव्विसाव्या वर्षी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता गोळ्या आहेत, वेळेत आलात. मग विचारलं, "आईकडून की वडिलांकडून?"

"बापाकडून," मी ताडकन सांगितलं. माझा नवरा बेलमीरु बिचारा एकतिसाव्या वर्षी बंदराचा धक्का आणि बोट यांच्यामध्ये चेंगरून गेला, तो थोडाच नाही म्हणणार!

बाईंनी माझंही रक्त घेतलं. म्हणे, काही बायकांमध्ये हा रोग म्हातारपणापर्यंत झोपून राहतो, आणि त्यांच्या मुलांमध्ये लवकर जागा होतो. मला मुंग्या येतात का म्हणून विचारलं. नाही म्हटलं. चार वर्षं येतात. खाऱ्या पाण्यात उभं राहून कुणाला येत नाहीत?

बसमध्ये एलिझिउ म्हणाला, "बापाने हे ठेवलं माझ्यासाठी?" मी हो म्हटलं.

२९ ऑक्टोबर
निकाल घ्यायला एकटीच गेले. माझंच रक्त.

म्हणजे वडील, काका — सगळ्यांना समुद्राने आधी नेलं, रोगाला दिसायला सवडच मिळाली नाही. आणि मी त्याचाच तोरा मिरवला जन्मभर!

घरी एलिझिउ दारातच होता. "काय निघालं?"

"काही नाही. मी स्वच्छ आहे."

१ नोव्हेंबर
सर्व संतांचा सण, सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरी धुवायला आलं होतं. एलिझिउने बेलमीरुच्या कबरीवरची फुलं लाथाडली आणि थुंकला. सगळ्यांदेखत. मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "बरं केलंस."