सुनेच्या बिल्डिंगीत वाटलेला साबण

गुनसान, ३ डिसेंबर १९९८

प्रिय अक्का,

धाकट्या म्योंगजाचा तुला वाकून नमस्कार. दाजींनाही सांग, त्यांच्या चांगल्या कानाकडून. तुझे गुडघे कसे आहेत? कोबी कापून, मीठ लावून, किमची एकदाची गाडग्यांत भरून झाली असेल, तर आता चार दिवस तरी पाय पसरून बस. (बसणार नाहीस, माहीत आहे. पण मोठ्या बहिणीला सांगायचं असतं, म्हणून सांगितलं.) आमचं इकडे बरं चाललंय. ह्यांना कागदाच्या गिरणीनं वेळेआधी घरी बसवल्यापासून हे दिवसभर घरात असतात, आणि मी कशात किती मीठ घालते यावर लक्ष ठेवून असतात. बाकी तब्येत उत्तम.

महिनाभर पत्र नाही, फोनवरही तुटक बोलते, म्हणून तू रागावली असशील. अक्का, मी तोंड दाखवायच्या लायकीची राहिले नव्हते. आता सगळं लिहून टाकते. वाचताना दाजी जवळ असतील तर आधी त्यांना बाहेर धाड, कारण ते हसायला लागले की त्यांना खोकला येतो.

तुला माहीतच आहे, आमच्या थेसोकचं लग्न होऊन वर्ष झालं, पण आमची सून मिरान माझ्याशी अजून बँकेतल्या बाईसारखी बोलते. 'हो आई', 'बरं आई', 'आपण जेवलात का आई'. चुकीचं एक अक्षर नाही, आणि त्याचंच मला दुःख. कधी आपणहून फोन नाही, कधी 'आई, हे कसं करतात हो?' असं विचारणं नाही. सगळं तिला येतं किंवा तिच्या आईला येतं. मला आपलं वाटायचं, या पोरीनं माझ्याकडून एकदा तरी काहीतरी मागावं. थेसोकनं सुवॉनला नवं घर घेतलं आणि गृहप्रवेशाला बोलावलं, तेव्हा मी ठरवलं की आता सुनेला माझ्याकडून घ्यावंच लागेल असं काहीतरी न्यायचं.

गृहप्रवेशाला काय न्यायचं हे काय मी तुला सांगू? साबण. फेस चढावा तशी घराची भरभराट चढावी, एवढा साधा हिशेब. पण यंदा सगळीकडे नोकऱ्या गेलेल्या, पावडरीचे डबे महागलेले, आणि आमच्या बिल्डिंगीतलं महिला मंडळ जिन्यात पोस्टर लावून सांगतंय की जुनं तेल गटारात ओतू नका, घरी साबण करा, पैसे वाचवा. मी म्हटलं, पैसेही वाचतील, आणि माझ्या हातचा साबण सुनेच्या घरात फेसाळेल. चुसॉकच्या सणाला आख्ख्या बिल्डिंगीनं तीन दिवस तळण केलेलं. मी घरोघरी फिरून बाटल्या गोळा केल्या. तेल फुकट मिळालं, पण कुणी त्यात भोपळ्याचे काप तळलेत, कुणी बांगडे, हे वास घेतल्याशिवाय कळत नव्हतं. आणि वास घेतल्यावर कळून उपयोग नव्हता.

पहिला घाणा फसला. कॉस्टिक सोडा पाण्यात कालवला, तेलात ओतला आणि ढवळायला लागले. ढवळायचं एकाच दिशेनं, हे आपल्या आईनं आपल्याला मारून मारून शिकवलंय. पाऊण तासानं माझा खांदा गेला, म्हणून दांडा ह्यांच्या हातात दिला. हे डावखुरे. मी पाऊण तास जे उजवीकडे ढवळलं होतं ते ह्यांनी पाऊण तास डावीकडे उलगडून ठेवलं. मी ओरडले तर म्हणतात, साबणाला काय कळतं दिशा! कळतं. दुसऱ्या दिवशी दुधाच्या रिकाम्या खोक्यांत वर तेल होतं आणि खाली पाणी, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आम्हीही.

दुसऱ्या घाण्यात मी सोडा वाढवला. घट्ट झाला, फार घट्ट झाला. खडूसारखा भुगा पडायला लागला. फेकवेना, म्हणून त्यात ह्यांचे दोन सदरे धुतले. एकाची कॉलर हातात आली. दुसरा टिकला, पण त्याला बांगड्याचा असा वास की हे तो घालून मासळीबाजाराच्या वाटेनं गेले आणि तीन मांजरं मागे मागे आमच्या लिफ्टपर्यंत आली. हे म्हणाले, गिरणीत माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती, कुणी एवढं मागे मागे आलं नाही. मी तो भुगा गुपचूप कचऱ्यात टाकला.

मग तुझ्याकडे मिरच्या न्यायला आले होते ना, तिथून परतल्यावर तिसरा साबण. काय सांगू अक्का! तुझ्यासारखाच. शिळा भात वाटून घातलेला, म्हणून पांढराशुभ्र, वास नाही, भुगा नाही. ताटात थापून चौकोनी कापलेल्या चोवीस वड्या. एकेक वडी पातळ प्लॅस्टिकात गुंडाळली. आता खोका विकत कोण घेणार? घरात त्तोकवाल्याच्या दुकानाचा एक खोका पडला होता, त्यावर लाल अक्षरांत दुकानाचं नाव आणि तांदळाच्या वाफाळणाऱ्या पांढऱ्या वड्यांचं, त्तोकचं, चित्र. स्वच्छ, मजबूत, फुकट. त्यात वड्या बरोब्बर बसल्या. तेव्हा मला कोपऱ्यात उभं करून कुणीतरी दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या.

गृहप्रवेशाच्या दिवशी विहीणबाई आमच्या आधी हजर. सोलच्या मोठ्या दुकानातला साबणाच्या पावडरीचा डबा, त्यावर रिबीन, रिबिनीवर फूल. सगळे त्या डब्याचं कौतुक करत होते. माझा सुतळीनं बांधलेला खोका बाहेर काढायची मला लाज वाटली. वर विहीणबाई सगळ्यांसमोर मिरानला बोलत होत्या, राहायला येऊन दहा दिवस झाले आणि अजून शेजारी त्तोक वाटला नाहीस, लोक काय म्हणतील, आमच्या घरची ही रीत नव्हे. पोरगी खाली मान घालून उभी. दिवसभर नोकरी करते, ती कधी वाटणार? मला तिची दया आली. निघताना मी खोका हळूच ओट्यावर सरकवला आणि तिच्या कानात म्हटलं, "घरी केलंय गं. सगळ्यांना पुरेल."

वर्षभर पुरेल, असं म्हणायचं होतं मला. तेही मोघमच झालं असतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी मिराननं अर्धा दिवस रजा घेतली. चांगले कपडे घातले. सासूनं आईच्या बोलण्यातून आपल्याला सोडवलं, आपल्यासाठी एवढा त्तोक करून आणला, असं वाटून (थेसोकनं नंतर सांगितलं) तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पोरीनं एका जिन्यावरच्या वीस घरांची दारं वाजवली आणि दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, वीस साबण दिले. प्रत्येक दारात सांगितलं, माझ्या सासूबाईंनी स्वतः केलाय.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. नव्या सुनेनं दिलेलं तिच्यासमोरच चाखावं, अशा जुन्या वळणाचे. त्यांनी चांगला मोठा घास घेतला. थुंकणं सभ्यपणाचं नाही, म्हणून चावला. मिरान वाट पाहत उभी, म्हणून गिळला. आणि म्हणाले, "साखर जरा कमी आहे. वयस्कर माणसांना चांगलं." मिराननं पुन्हा वाकून आभार मानले, तोवर त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून फेस यायला लागला होता, पण ती वाकलेली असल्यानं तिला दिसला नाही. सातव्या मजल्यावरच्या बाईला वडी कडक वाटली, म्हणून तिनं ती मऊ करायला शिजत्या भातावर ठेवली आणि कुकरचं झाकण लावलं. तिचं स्वयंपाकघर पुसायला तिघं लागले. बाकीच्यांनी देवाच्या दयेनं नंतर खाऊ म्हणून फ्रीजरमध्ये टाकल्या. संध्याकाळी थेसोक घरी आला, त्यानं उरलेल्यातली एक तोंडात टाकली आणि तसाच नळाकडे धावला. तिथून मला फोन केला. मागे मिरानचा आवाज नव्हता. रडण्याचा नाही, हसण्याचा नाही, काहीच नाही.

पुढचे नऊ दिवसही नाही. मी फोन केला की थेसोक उचलायचा आणि म्हणायचा, ती बरी आहे. मी घर पुसत सुटले. झालं, म्हटलं, या पोरीनं आता माझ्या हातचं पाणी घेतलं तरी आधी वास घेईल. एकदा फोन वाजला, मी धावत गेले, तर विहीणबाई. इतक्या गोड आवाजात बोलल्या की माझे दात दुखले. "विहीणबाई, विचारू का नको, पण तुमच्या गुनसानकडे त्तोक असाच करतात का हो?" मी म्हटलं, नाही, हा खास सुनेच्या माहेरच्यांसाठी. (म्हटलं नाही अक्का. 'माफ करा' एवढंच म्हटलं. पण मनात म्हटलं, आणि तीनदा म्हटलं.)

दहाव्या दिवशी मी उठले. गिरणीतून तांदूळ दळून आणले, खरा त्तोक वाफवला, ह्यांनी आधी चार तुकडे खाऊन खात्री करून दिली, आणि पहाटेची गाडी पकडून सुवॉनला गेले. मिराननं दार उघडलं. माझ्या हातातल्या पातेल्याकडे पाहिलं. कोट चढवला आणि माझ्यापुढे जिना उतरायला लागली.

वीस दारं, अक्का. वीसदा वाकून माझी कंबर राहिली नाही. मी माफी मागायची आणि मिरान शेजारी तितकीच वाकायची. वास न घेता एकानंही त्तोक हातात घेतला नाही. सातव्या मजल्यावरच्या बाईनं सांगितलं की तिचा कुकर लग्नापासून एवढा कधी चकाकला नव्हता. हेडमास्तर तुकडा घेऊन आत गेले, नळाखाली धरून दोन्ही हातांत चोळला, निरखून पाहिला, फेस आला नाही तेव्हा खाल्ला. बाहेर येऊन म्हणाले, हाही छान आहे.

तिथून आम्ही जिन्यात आलो आणि मिरान मटकन पायरीवर बसली. तोंड पदरात घालावं तसं कोटात घातलेलं, खांदे हलताहेत. मला वाटलं रडतेय. मी शेजारी बसले आणि म्हटलं, पोरी, मला बोल काय बोलायचं ते. तिनं तोंड वर केलं तर हसत होती. हसत होती आणि रडतही होती, नाक लाल. नऊ दिवस फोन का घेतला नाही ते मला तिथेच कळलं. माझा आवाज ऐकला असता तर हसू फुटलं असतं, आणि सासूला हसणं बरं दिसत नाही, म्हणून ती बिचारी दूर दूर राहिली होती.

म्हणाली, "आई, तुम्ही खरा त्तोक आणला असता ना, तर मला इथे अजून कुणी ओळखलंही नसतं. आता लिफ्टमध्ये सगळे बोलतात माझ्याशी."

त्या पायरीवर आम्ही दोघी पुष्कळ वेळ बसलो. उरलेला त्तोक तिथेच खाल्ला.

तर असं झालं. आता तुझ्यापाशी मन मोकळं केलं, बरं वाटलं. दाजींना जप, थंडीत विहिरीवर जाऊ नकोस. आणखी काही विशेष नाही.

तुझी धाकटी,
म्योंगजा

ता. क. विशेष आहे. फ्रीजरमधल्या वड्या लोकांनी काढून धुण्याला वापरल्या आणि आता सगळ्या जिन्याला तोच साबण हवाय. लोक जुन्या तेलाच्या बाटल्या मिरानच्या दाराशी आणून ठेवतात. निघताना ती मला म्हणाली, "आई, मला साबण करायला शिकवाल?" बारा तारखेला, शनिवारी, ती त्यासाठी इकडे येतेय. एकटी.

ता. क. २. अक्का, आता बसून वाच. माझा तिसरा घाणाही फसला होता. त्या चोवीस वड्या तुझ्या. मिरच्या न्यायला आले तेव्हा तुझ्या मागच्या पडवीतल्या फळीवरून उचलल्या आणि मिरच्यांच्या पोत्याखाली घालून आणल्या. साबण चोरीला गेला म्हणून तू फोनवर पलीकडच्या घरातल्या बाईचं नाव घेत होतीस तेव्हा मी 'हो ना, हल्ली कुणाचा भरवसा नाही' म्हटलं, त्याबद्दलही माफ कर. आता तू अकराला, शुक्रवारीच ये. सहज आलीस असं सांगू. तू ढवळ, मी शेजारी उभी राहून मिरानला समजावून सांगते. हे म्हणतात सुनेला खरं सांगून टाक. मी कसं सांगू? वर्षभरात पहिल्यांदा तिनं काहीतरी मागितलंय.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार एवढ्यात फोन आला. मिरानचा, आपणहून. विचारत होती, येताना काय आणू. माझ्या तोंडून निघून गेलं की साबण बिघडला तर रागावू नकोस हं. तर म्हणाली, "बिघडू दे ना, आई. मी दोन दिवस राहणार आहे." तेव्हा अक्का, शुक्रवारी येऊ नकोस. सोमवारी ये. दोन दिवस आम्ही दोघी मिळून बिघडवू, मग निस्तरायला तू लागशीलच.