मागच्या दाराची रोझमेरी

बेथेस्डा, वेल्स
९ जानेवारी १९८७

प्रिय गेथिन,

कॅनडात तू आणि कॅरल खुशाल असाल. इथे नेहमीचंच. नाताळापासून पाऊस थांबलेला नाही आणि माझे गुडघे धरलेत.

पत्र खरं तर मागच्या दारच्या रोझमेरीसाठी लिहितोय. नोव्हेंबरात तिचा पाला काळवंडायला लागला. थंडी बाधली असेल म्हणून मी शहाण्याने तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. आईने खिडकीतून पाहिलं आणि लागली ओरडायला, "अरे गाढवा, गुदमरवून मारतोस का तिला? थंडीने नाही मरत ती. पाय ओले राहिले की मरते!"

मग चिखलातून मुळांसकट काढली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीशी, धुराड्याच्या उबेला, उंचवटा करून लावली. मातीत निम्मी खडी, बुंध्याभोवती खाणीतल्या पाटीच्या दगडाच्या कपच्या. पाऊस अडवायला वर जुनं दार तिरकं टेकवलंय, बाजूंनी वारा खेळता ठेवलाय. अर्धं झुडूप गेलं. उरलेल्याचा भरवसा नाही.

तुला वाटेल, एका झुडपासाठी एवढा आटापिटा कशाला? बाबांना मूठमाती देताना सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे आपापली रोझमेरीची डहाळी खड्ड्यात टाकली. तू टाकली नाहीस. आईने तुला खांदा देऊ दिला नव्हता, म्हणून घरी येऊन ती डहाळी मागच्या दाराशी जमिनीत खुपसलीस आणि तडक निघून गेलास. ती रुजली रे. अकरा वर्षं आई तिला जपतेय. तुझं नाव काढायची नाही, पण पावसाची झड लागली की आधी तिच्याकडे धावायची.

आता धावत नाही. अंथरुणाला खिळलीय. छातीत पाणी झालंय, डॉक्टरांनी हात टेकले. तुला कळवू की नको, करत महिना घालवला. पत्र न फोडताच फेकशील अशी भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

रविवारी तिने मलाच तू समजून हात धरला. म्हणाली, "गेथिन, तुला बापाला खांदा देऊ दिला नाही, चुकलं माझं. अजून रागावलायस?"

मी म्हणालो, "नाही, आई."

किती दिवसांनी ती शांत झोपली. पण ते उत्तर तुझं होतं, मी तुला न विचारता देऊन बसलो. राग आला तर काढ माझ्यावर, पण इथे येऊन काढ.

सकाळी उठल्या उठल्या तिने विचारलं, "गेथिन गेला का रे?"

मी सांगितलंय, येतोय.

तुझ्या जिवावर शब्द देऊन बसलेला
तुझा थोरला,
एमरिस