विचारायला आत माणूस आहे

कडेगाव, १२ जानेवारी १९९८
साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं आले एकदाची! साखर कारखान्याचा संगणक विभाग झकास आहे. एसी, खिडकीबाहेर ऊस आणि आकाराम शिपायाचा फक्कड चहा. मळीचा वास तेवढा नाकात बसतो. ऊसबिलांच्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे आहेत, दोन हजार साल उजाडायच्या आत ते चार करायचे. झालं की साताऱ्याला बदली, असा मॅनेजर भाऊसोंनी शब्द दिलाय.

१४ जानेवारी
प्रोग्रॅम म्हणजे नुसता उकिरडा! काय केलंय ते दिसतं, का केलंय ते कुठेच लिहिलेलं नाही. तक्रार केली तर भाऊसो हसले. "आवं म्याडम, लिवायचं कशाला? इचारायला सुमंतसाहेब हाईत की आत."
काचेपलीकडे पाठमोरे बसलेले सुमंत. प्रोग्रॅम त्यांचाच. आत जाऊन विचारलं, तर प्रत्येक 'का'चं उत्तर त्यांनी फटाफट दिलं. पण तोंडाला काय घाण वास! आणि मान एकदाही वळवली नाही.

१७ जानेवारी
शी! बोलता बोलता त्यांचं नख निघून कीबोर्डवर पडलं. त्याखालून पिवळट काहीतरी ओघळलं. ते बोलतच राहिले. आकारामनं रोजचंच असल्यासारखं फडक्यानं पुसलं. मी मोरीवर जाऊन ओकले.
हे घरी कधी जातात, असं त्याला विचारलं. म्हणाला, साहेब दिवाळीतच वारले. बिलं अडतील म्हणून भाऊसोंनी जाळू दिलं नाही. सगळं ठाऊक असलेला दुसरा माणूस मिळेपर्यंत.

१८ जानेवारी
म्हणजे मी. नाही! सगळं लिहून काढते. कागदावर आलं की कुणालाच बसवायला नको. नाकाला रुमाल लावून दिवसभर विचारलं. त्यांच्या कानातून अळ्या — तरी मी लिहीत राहिले. शेवटचं कारण सांगून ते गप्प झाले. जबडा उघडाच.

२० जानेवारी
सुमंतना जाळून आले. माझे कागद भाऊसोंनी बॉयलरात टाकले. म्हणाले, लिहिलेलं कुणीही पळवतं, माणूस कुठं जातोय? मी पळाले, तर फाटकावर अडवलं. सुमंतांची खुर्ची मला दिलीय. पुसलीय, पण ओलीच. चिकट —

तारीख ठाऊक नाही
बदली रद्द. भूक लागत नाही. दात निघाला, दुखलं नाही. माझीच मला किळस — मान वळत नाही —
सगळी कारणं इथे वहीतच लिहून ठेवते, म्हणजे मला सोडतील. निर्णय: वर्षाला चार आकडे घेतले. कारण —