व्याह्यांच्या गळ्यातला मफलर

शनिवार, १४ जानेवारी २००६. संक्रांत.

आज संध्याकाळी सुनेचे आईवडील तिळगूळ द्यायला आले आणि जर्मनीचे फोटो काढून बसले. महिनाभर राहून आलेत. आमच्या निखिलने दर रविवारी त्यांना एकेक जुनं गाव दाखवलं. लाकडी चौकटींची घरं, चर्चसमोर नाताळचा बाजार, दिवेच दिवे. छान. आम्हाला मात्र म्हणाला होता, "डिसेंबरात नका येऊ, आई. बाबांना थंडी सोसायची नाही." व्याही ह्यांच्यापेक्षा मोठे आहेत. त्यांना बरी सोसली.

आणि मग बाजारातला तो फोटो. व्याह्यांच्या गळ्यात विटकरी मफलर. वर पाहिलं, तर तोच मफलर गुंडाळून ते समोर बसलेले! टोकाला एक टाका चुकलेला. माझाच. निखिल जाताना त्याच्यासाठी विणला होता मी, तुळशीबागेतली लोकर आणून.

विहीणबाई म्हणाल्या, "जावयांनी दिला हो ह्यांना. तिकडची लोकर काय उबदार असते! आपल्याकडे नाही मिळायची."

"दिसतंच आहे," मी म्हटलं. आमच्या ह्यांनी पेपरात डोकं खुपसलं. पण मी तरी का गप्प बसले? सणाचा दिवस म्हणून? की तो चुकलेला टाका दाखवायची लाज वाटली?

ते गेल्यावर निखिलचा फोन. सहज विचारलं, "मफलर वापरतोस ना रे?"

"अगं, रोज! आत्ताही गळ्यातच आहे."

"बरं," म्हटलं. "जप हो. थंडी तुलाही सोसायची नाही."