हद्दाद म्हणजे लोहार

तीर्थरूप बाबा,
इथूनच पाया पडतो.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुमचा खांदा कसा आहे?

आमच्या वेल्डिंगच्या कारखान्याचे मालक हद्दाद. काल जेवणाच्या सुट्टीत सांगत होते, "अरबीत हद्दाद म्हणजे लोहार. आमच्याकडे गावोगाव हद्दाद सापडतील. पणजोबांची भट्टी होती, म्हणून हे आडनाव." पाटीवरही तेच लिहिलंय, मोठ्या अक्षरांत.

मग मला विचारलं, "तुझ्या आडनावाचा अर्थ काय?"

"काही नाही," मी म्हणालो.

कॉलेजच्या आधी तुमच्याशी भांडून मी 'लोहार' काढून टाकलं. तुम्ही मुकाट्याने अर्जावर सही केलीत.

"वडील काय करतात?" त्यांनी पुढे विचारलं.

खरं सांगितलं असतं, तर त्यांनी मला मिठी मारली असती. मी म्हणालो, "मास्तर होते."

आईला हे वाचून दाखवू नका.

तुमचाच,
धाकटा