मूळ फोटो

मानवत
सोमवार

प्रिय माधवी,

काल सकाळी भक्तीचा फोन आला होता. तू आंघोळीला गेलेली, म्हणून तिनं तुझ्या मोबाइलवरून लावला. मी नातीशी कसंबसं एखादं वाक्य बोललो आणि फोन ठेवून दिला. नंतर तुझे फोन आले ते मी उचलले नाहीत. शेवटी तुझ्या आईनं उचलला आणि मी मोंढ्यात बाजाराला गेलोय म्हणून सांगितलं. मी कुठंही गेलो नव्हतो. तिच्यासमोरच बाजेवर बसून हातानं नाही-नाही म्हणून खुणा करत होतो. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छडी दाखवली, आणि म्हातारपणी बायकोला खोटं बोलायला लावलं. असं का केलं ते सांगतो, पण मला जरा लांबून येऊ दे. सरळ मुद्द्यावर यायची लाज वाटतेय.

इकडचं म्हणशील तर बरं चाललंय. थंडीमुळं आईचा गुडघा कुरकुरतोय, पण आईची कुरकुर त्याच्याहून जास्त आहे. तूर फुलोऱ्यात आहे. तुळशीचं लग्न झाल्यापासून आमच्या वधूवर केंद्राला उसंत नाही. रिटायर झाल्यावर चंद्रभानराव आणि मी बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत हे केंद्र काढलं, तेव्हा तू किती हसली होतीस. म्हणालीस, बापू, शाळेतली पोरं सुटली तर आता लोकांची लग्नं जमवता का. हसलीस तरी काम वाईट नाही. चंद्रभानराव गावोगाव फिरून बायोडाटा आणि फोटो आणतात, मी ते वेबसाइटवर चढवतो. आपल्याकडची कितीतरी माणसं दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि तिथल्या पाचटाच्या कोपीत बसून मोबाइलवर पोरापोरींसाठी स्थळं बघतात. तिथं रेंज आली तर आली. मोठा फोटो उघडता उघडत नाही. म्हणून मी सर्व्हरसाठी एक मोड्यूल लिहिलं होतं, सर्व्हरला जोडायचा एक छोटा तुकडाच म्हण. कुणी पान उघडलं की ते मी आखून दिलेल्या चौकटीपुरता फोटो कापतं, लहान करतं आणि पाठवतं. हळदीतला असो की बारशातला, चौकटीत फक्त मुलगा नाहीतर मुलगी. मूळ फोटो मात्र सर्व्हरवर जसाच्या तसा राहतो. मूळ कधी नासवायचं नाही, हा माझा नियम तुला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात सर्व्हर भाड्यानं देणाऱ्यांनी तो अपडेट केला. नव्या सर्व्हरनं माझं जुनं मोड्यूल आत घ्यायला चक्क नकार दिला. ते पुन्हा कंपाइल केलं, म्हणजे नव्या सर्व्हरजोगतं बांधून घेतलं, तर सर्व्हर सुरू झाला पण फोटो कापेना. आणि कधीकाळी मीच अशी सोय करून ठेवली होती की मोड्यूल अडलं तर रिकामा चौकोन दिसण्यापेक्षा मूळ फोटो जाऊ द्यावा. झालं, सगळे मूळ फोटो जगासमोर आले. चंद्रभानरावांचा फोन आला, ‘मास्तर, फोटो लय मोठाले दिसायलेत. पोरीच्या मागं म्हशी बी दिसायल्यात.’ उघडून बघतो तर खरंच. एका नवरदेवाच्या मागं त्याचे काका बनियनवर उभे राहून दात घासत होते. मी पोट धरून हसलो. हसता हसता मला एक फोटो आठवला आणि माझं हसू तिथंच विरलं.

तेव्हापासून मी हात धुऊन त्या मोड्यूलच्या मागं लागलो. घास तोंडात आणि डोळे स्क्रीनवर. आईनं ताट समोरून उचलून नेलं तरी मला पत्ता नाही. एरर एकच यायची. जेपेग लायब्ररी चुकीची आहे. लायब्ररीची आवृत्ती बासष्ट आहे, मागणारा ऐंशीची अपेक्षा करतोय. तू लातूरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या नमुन्यांत गुंतलीस आणि हे सगळं विसरली असशील, म्हणून जरा मास्तरकी करतो. लायब्ररी म्हणजे तयार कामं करून देणारी जाणती बाई. फोटो उलगडणं, लहान करणं ही कामं मोड्यूल तिच्याकडून करून घेतं. आणि हेडर म्हणजे तिचा बायोडाटा. कंपाइल करताना नुसता बायोडाटा वाचला जातो, खरी गाठ पडते ती सर्व्हर सुरू झाल्यावर. माझ्या सर्व्हरवर एकाच नावाच्या दोन लायब्रऱ्या निघाल्या. एक सिस्टिमची, आणि दुसरी मी पूर्वी हौसेनं स्वतः बांधून भलत्याच फोल्डरमध्ये टाकलेली. बायोडाटा वाचला एकीचा आणि बोहल्यावर उभी राहिली दुसरीच. मोड्यूलनं तोंड फिरवलं तर त्याचा काय दोष?

हे एवढं समजायला मला फार वेळ लागला, कारण मी आधी लबाडी करून बघितली. घरात होती त्याच लायब्ररीला हव्या त्या नावाचं लेबल लावलं. नाव बघून सर्व्हर आत घेईल असं वाटलं. घेतलं की. आणि पहिलाच फोटो आल्याबरोबर आख्खा सर्व्हर आडवा झाला. मग मी खालच्या खालच्या एररी बुजवत बसलो. तुला शाळेची लॅब आठवते? चपला बाहेर, दोन वेण्या पाठीवर, आणि स्क्रीनवर धो-धो एररी वाहायला लागल्या की तू रडकुंडीला यायचीस. मी म्हणायचो, माधवी, शेवटची चूक वाचू नकोस, वर जा. पहिली चूक शोध, बाकीच्या तिच्याच पोटातल्या असतात. मग तू वर वर जायचीस आणि एकदम ओरडायचीस, सापडली बापू! सगळी लॅब वळून बघायची. या वेळी मला मात्र वर जायचंच नव्हतं. चंद्रभानराव म्हणाले, ‘होऊ द्या की सावकाश, इतकी काय घाई हाय?’ तर मी त्यांच्यावर खेकसलो. म्हणालो, तिकडं कोपीत फोटो उघडत नाहीत, लोकांची स्थळं अडलीत, आणि तुम्ही सावकाश म्हणता. त्यांना वाटलं, मास्तरांना गरिबाची केवढी काळजी. मला काळजी त्या एका फोटोची होती.

माधवी, त्या वेबसाइटवर तुझा फोटो आहे. दिवाळीत आपण चारठाण्याला देवळं बघायला गेलो होतो, तेव्हा मीच काढलेला. मोरपंखी साडी, कोरीव खांबाला टेकून उभी आहेस आणि किती दिवसांनी मनापासून हसतेयस. तुम्ही दोघी लातूरला परत गेल्यावर तुला न विचारता मी तो चढवला. घटस्फोटित असं लिहिलं, तेवढं लपवायची माझी छाती झाली नाही. पण अपत्य या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. आणि त्या फोटोत तुझा हात धरून, पुढचे दात पडलेलं तोंड उघडून, माझ्याकडं बघत भक्ती हसतेय. तिला मी चौकटीच्या बाहेर ठेवलं. माउसनं चौकट ओढत ओढत तुझ्या मनगटाशी आणली, तरी तिची बोटं दिसायची. मग आणखी वर घेतली, कोपरापर्यंत. तुझी आई मागून बघत होती. म्हणाली, ‘लेकीचा हातच कापून टाकला की हो तुमी.’ मी म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही. तिला सगळं कळलं होतं. त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं आणि स्वतः आत जाऊन एकटी जेवली.

मी मनाची समजूत घातली होती की आधी पसंती होऊ दे, मग निवांत सांगू, एवढी गोड पोर बघून कोण नाही म्हणेल. पण तू तर मला आधीच बजावलं होतंस. पिंगळी गावातलं लग्न आटोपून आपण तिथल्या स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. भक्ती तुझ्या मांडीवर झोपली होती. तू म्हणालीस, बापू, मला लग्न नकोच असं नाही, पण जो कोणी येईल त्यानं आधी हिला भेटायचं, मग मला. मी मान डोलावली होती. नुसती डोलावली नव्हती, तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता. आणि तरीही मी हे केलं. खरं सांगू? मला लाज वाटायची. लेक कुठं असते असं कुणी विचारलं की लातूर एवढंच सांगून मी कापसाचा विषय काढायचो. त्या घरात तू काय भोगलंस ते मला माहीत होतं. तू सुटून आलीस याचा आनंद व्हायला हवा होता, आणि माझ्या डोक्यात काय, तर गावातली माणसं पारावर काय म्हणतील. ती लाज आता गेली. तिच्या जागी माझी स्वतःची लाज येऊन बसली आहे, आणि कापसाचा विषय काढून ती हलत नाही.

शनिवारी मोड्यूल चाललं. मी हौसेनं बांधलेली ती लायब्ररी हेडरसकट बाजूला काढली, आधीच्या कंपाइलचे उरलेसुरले तुकडे पुसले, आणि जिच्याशी संसार करायचा तिचाच बायोडाटा वाचायला लावला. एका दमात कंपाइल झालं. एवढं सोपं होतं. सर्व्हर सुरू करून मी सगळ्यांत आधी तुझं पान उघडलं. तू एकटी होतीस. चौकट बरोब्बर बसली होती. आणि माधवी, मला हायसं वाटलं गं. मी आईला आल्याचा चहा टाकायला सांगितला. चंद्रभानरावांना फोन करून फुशारकी मारली, ते म्हणाले, ‘मास्तर, तुमी हायत म्हणून चाललंय सगळं.’ मला सगळ्यांत जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या चहाची. चवीनं प्यालो मी तो.

आणि काल भक्तीचा फोन आला. दिवाळीत मीच तिला दाखवलं होतं की आबांच्या वेबसाइटवर नवऱ्या-नवरदेवांचे फोटो असतात. तेव्हापासून ती तुझ्या मोबाइलवर ते बघत असते म्हणे, तुला वाटत असेल खेळतेय. मोड्यूल बंद होतं त्या दिवसांत तिला त्यात स्वतःचा फोटो सापडला. तुझा हात धरलेला, चारठाण्याचा. तुला रविवारी सुट्टी असते, तेव्हा गंमत म्हणून दाखवायचं तिनं ठरवलं होतं. तोवर वर्गात मात्र सगळ्यांना सांगून झालं की माझ्या आबांनी माझा फोटो लावलाय. काल तुला दाखवण्याआधी तिनं उघडून बघितलं, तर ती त्यात नव्हती. मला म्हणाली, ‘आबा, तुमचं कॉम्प्युटर बिघडलंय का? मम्मी दिसायलीय, मी दिसतच नाही.’ मी म्हणालो, हो बाळा, बिघडलंय, करतो दुरुस्त. आणि फोन ठेवला. तुझं पान मी कालच काढून टाकलं, पण हे खोटं कुठून काढून टाकू? म्हणून हे पत्र लिहितोय. चंद्रभानराव उद्या लातूरला येतायत, त्यांच्या हाती देतो. पुढच्या रविवारी मी येऊ का? तू दारातून परत पाठवलंस तरी मी काही म्हणणार नाही. येऊ दिलंस, तर तोवर तिला काही समजावत बसू नकोस. कॉम्प्युटर बिघडलं होतं तेव्हाच ती दिसत होती, आणि मी ते दुरुस्त केल्यावर गेली, हे तिला माझ्याच तोंडून ऐकू दे. मी फोन ठेवत होतो तेव्हा ती घाईघाईनं म्हणत होती, ‘लवकर करा आबा, मम्मीला दाखवायचंय.’

तुझाच,
बापू